पैसे किती लागतील आणि कधी?

(बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

सकाळपासून तुम्ही उद्योगांच्या कल्पना मांडताय. मसाला, पापड, शिवणकाम, पोळी-भाजी केंद्र, शेळीपालन. फळ्यावर लिहायला जागा उरली नाही. चहाच्या सुट्टीत तुमच्यापैकी सहा-सातजणी माझ्याकडे आल्या आणि सगळ्यांचा प्रश्न एकच होता : 'ताई, कर्ज किती मिळेल?'

मला हा प्रश्न उलटा वाटतो. कर्ज किती मिळेल हे बँक ठरवते, योजना ठरवते, साहेबांचं वर्षाचं उद्दिष्ट ठरवतं. आपल्याला किती लागेल आणि कोणत्या महिन्यात लागेल, हे मात्र आपणच ठरवायचं असतं. ते ठरवलेलं नसलं की काय होतं? पन्नास हजार मिळतात म्हणून पन्नास हजारांचा धंदा काढायचा. लागणार असतात ऐंशी. मग वरचे तीस कुठून येतात, यावर कोणी बोलत नाही. ते कुठून येतात ते आज आपण फळ्यावर मांडून बघणार आहोत.

आधी एक जुनी गोष्ट सांगते. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या हजारो बायका होत्या. कोकणातून, घाटावरून आलेले एकटे गिरणी कामगार त्यांच्याकडे जेवायचे आणि पगार झाला की महिन्याचे पैसे द्यायचे. बाईला मात्र पीठ, तांदूळ, तेल, रॉकेल रोज लागणार. म्हणजे महिनाभर दहा-पंधरा पुरुषांना ती स्वतःच्या खिशातून जेवू घालत होती, आणि तिला खिसाच नव्हता. मग वाण्याची उधारी, त्यावर चढा भाव, नाहीतर सावकार. हिशेब केला असता तर खानावळ फायद्यातच दिसली असती. पण महिन्याच्या वीस तारखेला डब्यात दमडी नसायची आणि फायद्याचा मोठा वाटा व्याजात जायचा. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. ते नेमकं या अडचणीवरचं उत्तर होतं. त्या बायकांना स्वयंपाक कोणी शिकवायची गरज नव्हती. जेवण घातल्याच्या दिवसापासून पैसे मिळण्याच्या दिवसापर्यंतचे तीस दिवस कोण सांभाळणार, एवढाच प्रश्न होता.

हे दोन आकडे वेगळे ठेवायला शिकायचं. एक नफा, तो वहीत असतो. दुसरा डब्यातला पैसा. धंदा बंद पडतो तो बहुतेक वेळा दुसरा संपला म्हणून.

आता फळ्याकडे बघा. आपण एक गट धरू. दहाजणी, कांदा-लसूण मसाला करणार. आकडे मी मुद्दाम गोल घेते, म्हणजे तोंडी हिशेब जमेल. तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला.

सुरुवातीचा एकदाच होणारा खर्च : वजनकाटा, पाकिटं बंद करायचं मशीन, मोठी पातेली नि कढई, पिंपं, वाळवणाची कापडं, नोंदणी, लेबलांची छपाई. सगळं मिळून ३०,००० रुपये.

महिन्याला १०० किलो मसाला. एका किलोला मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तेल, मसाल्याचे जिन्नस मिळून २४० रुपये. कांडप, पाकीट आणि वाहतूक ४०. आपली मजुरी ६०. एकूण ३४०. दुकानदाराला आणि गिऱ्हाईकाला एकाच भावानं, ४०० रुपयांनी विकू. किलोमागे ६० रुपये उरले, महिन्याला ६,०००. वहीप्रमाणे पहिल्या महिन्यापासून नफा! (टाळ्या वाजवू नका, थांबा.)

निम्मा माल आपण बाजारात आणि घरोघरी रोखीनं विकतो. निम्मा दुकानदार घेतात आणि पैसे दोन महिन्यांनी देतात. आता महिनेवार मांडू.

सुरुवात : गेले ३०,०००. शिल्लक उणे ३०,०००.
पहिला महिना : आले २०,०००, गेले ३४,०००. शिल्लक उणे ४४,०००.
दुसरा महिना : आले २०,०००, गेले ३४,०००. शिल्लक उणे ५८,०००.
तिसरा महिना : रोखीचे २०,००० आणि पहिल्या महिन्याच्या उधारीचे २०,०००, मिळून आले ४०,०००. गेले ३४,०००. शिल्लक उणे ५२,०००.

तिसऱ्या महिन्यापासून दर महिन्याला सहा हजारांनी आपण वर यायला लागतो. सगळ्यात खोल खड्डा दुसऱ्या महिन्याच्या अखेरीला, ५८,००० चा. म्हणजे भांडवल ५८,००० लागेल?

नाही. कारण महिना एका दिवसात होत नाही. कच्चा माल आपण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणतो, विक्री नंतर होते. तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात डब्यात आधीच उणे ५८,००० आहेत आणि त्यात २४,००० चा माल घ्यायचा आहे. म्हणजे ८२,०००. तुमचा खरा आकडा हा. पहिल्या तीन-चार महिन्यांचा तक्ता आठवड्यावार मांडा असं मी नेहमी सांगते, ते याच्यासाठी. पुढचे महिने महिनेवार मांडले तरी चालतं.

यंत्रसामग्री तीस हजारांची, पण लागणार ब्याऐंशी हजार. वरचे बावन्न हजार कुठल्या वस्तूत दिसत नाहीत. ते दुकानदाराच्या फळीवर, पिंपातल्या मिरचीत आणि तुमच्या मजुरीत फिरत असतात. यालाच खेळतं भांडवल म्हणतात. ज्याची पावती असते त्या वस्तूसाठी पैसे मिळवणं त्या मानानं सोपं असतं, आणि कर्जाचा अर्ज भरताना या फिरत्या पैशाचा रकाना बायका मोकळा सोडतात, नाहीतर तिथं काहीतरी लहानसा आकडा टाकतात.

आता कर्जाचं बोलू. गटाला पन्नास हजार मिळाले, १८ टक्के व्याज, दोन वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता साधारण २,५०० बसतो. तो पहिल्या महिन्यापासून सुरू. तिसऱ्या महिन्यात आपण खड्ड्याच्या तळाशी असताना दोन हप्ते, म्हणजे ५,००० गेलेले असतात. लागणार ८२ अधिक ५, म्हणजे ८७,०००. हातात ५०,०००. उरलेले ३७,०००?

ते कोण देतं सांगा.

(समोरून : 'आम्हीच की.')

बरोबर. पहिल्यांदा काय थांबतं? मजुरी. 'आपलाच धंदा आहे, जम बसला की घेऊ.' दोन महिन्यांची मजुरी सोडली की १२,००० झाले. उरले २५,०००. ते कोणाच्या तरी कानातल्यातून, कोणाच्या भावाकडून, कोणाच्या घरच्या किराण्याच्या उधारीतून येतात. आणि हे कुठल्याही कागदावर येत नाही. बँकेच्या कागदावर कर्ज आहे ५०,०००. गटाच्या वहीत नफा आहे ६,०००. बायकांनी घातलेले ३७,००० रुपये कुठंच नाहीत. उद्या गट मोडला तर बँकेचे पैसे आधी फेडले जातील. कानातलं परत मागायला ती बाई कोणाकडे जाईल? तिच्याकडे चिठ्ठीसुद्धा नाही.

घरकामाचं मोल होत नाही, हे आपण भाषणात म्हणतो, पोस्टरवर लिहितो. स्वतःच्या धंद्याच्या वहीत मात्र आपणच ते करत नाही. म्हणून माझा एक हट्ट आहे : तक्त्यात जावकीची पहिली ओळ मजुरीची. मिरचीच्या आधी. रोख द्यायला पैसे नसतील आणि थांबावं लागणार असेल, तर ती रक्कम त्या त्या बाईच्या नावावर गटाचं देणं म्हणून लिहायची, तारखेसह. तिनं गटाला उधार दिलंय, दान दिलेलं नाही.

मजुरी किती धरायची हेही बघा. शंभर किलोला निवडणं, भाजणं, मिसळणं, पाकिटं भरणं मिळून वीस माणूस-दिवस लागले तर किलोला ६० रुपये म्हणजे दिवसाला ३०० पडतात. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी २९७ रुपये होती. म्हणजे आपण जेमतेम तिथं आहोत. आणि यात बाजारात दिवसभर बसणारी, दुकानदाराकडे वसुलीला जाणारी, रात्री हिशेब लिहिणारी, बँकेत अर्धा दिवस घालवणारी बाई आलेलीच नाही. तिचे दिवस मोजले तर ते किलोमागचे ६० रुपये 'नफा' उरतील का, हे प्रत्येक गटानं तपासायचं. काही गटांत तो नफा म्हणजे सचिव झालेल्या बाईची न दिलेली मजुरी असते.

आता उधारीकडे येऊ. बायकांना उधारी मागायला जड जातं हे खरं आहे. 'भाऊ, नंतर दिले तरी चालतील', असं आपणच म्हणून मोकळं होतो. दुकानदार तरी नाही का म्हणेल? कंपनीच्या माणसाला तो रोख देतो, कारण नाही दिले तर पुढचा माल येत नाही. आपल्याला थांबवतो, कारण आपण थांबतो.

याची किंमत किती ते फळ्यावरच बघू. उधारी निम्म्यावरून पाव भागावर आणली, बाकी सगळं तेच. महिन्याला रोख येतील ३०,०००. पहिल्या महिन्याअखेर शिल्लक उणे ३४,०००, दुसऱ्या महिन्याअखेर उणे ३८,०००, तिसऱ्याच्या पहिल्या आठवड्यात उणे ६२,०००. खड्डा ८२ वरून ६२ वर आला. वीस हजार कमी लागले, एक पाकीट जास्त न विकता! त्यासाठी रोख घेणाऱ्या दुकानदाराला किलोमागे पाच-दहा रुपये सूट द्यावी लागली तरी सुरुवातीच्या महिन्यांत ती परवडते. किती परवडते ते मांडून बघा, अंदाजानं देऊ नका.

लिज्जतची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. ती गोष्ट प्रत्येक मेळाव्यात 'ऐंशी रुपयांतून करोडो' अशी सांगतात आणि ऐकणारीला वाटतं, जिद्द असली की झालं. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी उधारीचा व्यवहार ठेवला नाही आणि लाटणाऱ्या बहिणीला माल आणून दिला की मजुरी देण्याची पद्धत ठेवली. म्हणजे विक्रीचा पैसा लवकर येतो आणि बाईची मजुरी अडकत नाही. त्यांच्या कष्टांबरोबर या दोन नियमांनाही श्रेय द्यायला हवं. आणि पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून सुमारे चार महिने काम थांबवावं लागलं, हेही त्याच गोष्टीत आहे. पुढच्या वर्षी त्यांनी खाटा आणि स्टोव्ह आणले. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पाऊस दर वर्षी येतोच, तेव्हा तो तक्त्यात आधीच लिहायचा.

आपल्या मसाल्याला हे जास्तच लागू आहे. मिरची साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये भरपूर येते, वाळलेली असते, भाव बरा असतो. पावसाळ्यात भाव चढतो आणि ओल लागलेली मिरची गळ्यात पडते. आपल्या हिशेबात किलोभर मसाल्याला अर्धा किलो मिरची २०० रुपयांच्या भावानं, म्हणजे १०० रुपयांची धरली आहे. पावसाळ्यात भाव २८० झाला तर ती १४० ची झाली. किलोमागच्या ६० रुपयांतले ४० तिथंच गेले.

मग वर्षाची मिरची एकदम घ्यावी? बाराशे किलो मसाल्याला सहाशे किलो मिरची, १,२०,००० रुपये. तसं केलं तर आपला ८२,००० चा खड्डा १,७२,००० वर जातो. वर्षअखेरचा नफा तोच, लागणारं भांडवल दुपटीहून जास्त. कुठली गोष्ट बरोबर? ते तुमच्याकडे पैसे कुठल्या व्याजानं येतात आणि मिरची ठेवायला कोरडी जागा आहे का, यावर आहे. मला विचाराल तर पहिल्या वर्षी फक्त पावसाळ्याच्या चार महिन्यांची, दोनशे किलो घ्यावी. चाळीस हजारांचा तो वेगळा हिशेब तक्त्यात दाखवावा आणि तेवढ्यासाठी वेगळी सोय बघावी.

विक्रीचेही महिने असतात. उन्हाळ्यात गावात घरोघर मसाला होतो, तेव्हा गावात आपला कोण घेणार? तिथं शहराचं गिऱ्हाईक लागतं. दिवाळीच्या आधी फराळ करणाऱ्या गटांना पैसे सहा आठवडे आधी लागतात. सरसच्या प्रदर्शनात जाणाऱ्यांनी गाडीभाडं, राहणं आणि वाढीव माल यांचे पैसे महिनाभर आधीच्या रकान्यात टाकावेत. तिथून येताना हातात रोख असते, पण उरलेला मालही असतो.

आणि एक रकाना असा आहे जो कुठल्याही बँकेच्या नमुन्यात नाही. आपल्या घराचा. जूनमध्ये शाळेची पुस्तकं, गणवेश, त्याच वेळी पेरणीचं बियाणं. सप्टेंबरात गौरी-गणपती. नंतर दिवाळी, आणि मग लग्नसराई. या महिन्यांत दहापैकी पाचजणी गटाकडे पैसे मागणार, हे आपल्याला आज माहीत आहे. त्या मागतात तेव्हा गटात भांडणं होतात, 'हिला धंद्याचं काही पडलेलं नाही' असं बोललं जातं. तिला धंद्याचं पडलेलं असतं. घरातल्या सगळ्या टंचाईची जबाबदारी तिच्यावर टाकलेली असते, एवढंच. जूनचा रकाना आधीच मांडला, मे महिन्यात मजुरीची थकबाकी देऊन टाकायचं ठरवलं, तर निम्मी भांडणं होणार नाहीत.

आता अनुदानाबद्दल, कारण यात फार फसगत होते. 'पस्तीस टक्के सबसिडी आहे' असं ऐकलं की आपण ते पैसे हातात आले असं धरतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या योजनेत अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेत ठेवीच्या रूपात राहते आणि नंतर कर्जात वळती होते. त्याचा फायदा आहेच, कर्जाचा भार कमी होतो. पण तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मिरची घ्यायला ते पैसे येत नाहीत. तक्त्यात आवकीच्या बाजूला ते लिहू नका. २०२० साली सूक्ष्म खाद्यप्रक्रिया उद्योगांसाठी जी केंद्राची योजना आली, तिच्यात बचत गटातल्या सभासदामागे ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद केली होती, खेळतं भांडवल आणि लहान अवजारांसाठी. तेही संघामार्फत परतफेडीच्या बोलीवर. म्हणजे त्याचाही हप्ता जावकीत लिहायचा.

बँकेशी बोलताना दोन गोष्टी वेगळ्या मागा. यंत्रसामग्रीसाठी मुदतीचं कर्ज आणि खेळत्या भांडवलासाठी कॅश क्रेडिट. कॅश क्रेडिटमध्ये मर्यादा ठरवून दिलेली असते. लागेल तसे काढायचे, उधारी वसूल झाली की भरायचे, जेवढे जितके दिवस वापरले तेवढ्यावरच व्याज. आपल्या खड्ड्याचा आकार बघा, तो खाली जातो आणि वर येतो. त्याला हेच कर्ज बसतं. आणि मुदतीच्या कर्जाला पहिले तीन महिने हप्त्याची सवलत मागा. मिळेलच असं नाही, पण तक्ता समोर ठेवून मागितली तर नुसतं 'नाही' म्हणणं साहेबांनाही अवघड जातं.

आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज घेऊन मसाल्यासारखा धंदा करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या धंद्यात दोन महिन्यांनी पैसे येतात तिथं सातव्या दिवसाचा हप्ता कुठून देणार? दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढून. २०१० साली आंध्र प्रदेशात हे किती टोकाला गेलं ते आपण पाहिलं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. पण निम्मे म्हणजेही खूप झाले. ती कर्ज देणाऱ्याला घातलेली मर्यादा आहे. तुमच्या घराला निम्म्यात भागतं का, ते तुम्ही बघायचं.

उधारी बुडवणाऱ्यांसाठी कायदाही आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार माल घेणाऱ्यानं ठरल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि लेखी करार असला तरी ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी आणि बिलावर तारीख हवी. गावातल्या किराणा दुकानदारावर कोणी केस करणार नाही, हे मलाही कळतं. पण कॅन्टीन, वसतिगृहं, मोठी दुकानं यांना माल देणाऱ्या गटांनी ही नोंदणी आधी करावी, बिल अडकल्यावर नाही.

आता तुम्ही म्हणाल, विक्री किती होईल हे आधी कसं कळणार? पूर्ण कळत नाही. पण विचारता येतं. दहा किलो करून विका आणि किती दिवस लागले ते लिहा. आठ दुकानदारांना विचारा, 'घ्याल का' असं नको, 'महिन्याला किती किलो आणि पैसे कधी' असं विचारा. मग दोन तक्ते करा. एक आपल्याला वाटतं तसा, दुसरा शंभराऐवजी सत्तरच किलो खपले असा. दुसऱ्यात महिन्याला रोख फक्त १४,००० येतात. आपण शंभर किलो करतच राहिलो तर तिसऱ्या महिन्यातला खड्डा ९४,००० होतो. उधारी यायला लागल्यावरही दर महिन्याला ६,००० आणखी आत जातो, आणि घरात ३० किलो मसाला साठत जातो. हाच तक्ता आज केला तर दुसऱ्या महिन्यातच उत्पादन सत्तरवर आणायचं, हे आज ठरवता येतं. तेव्हा ठरवायला बसलो तर कोणी ठरवू देत नाही, सगळ्या म्हणतात पुढच्या महिन्यात खपेल.

थोडी गंगाजळीही धरा. निदान एका महिन्याची मजुरी आणि हप्ता, आपल्या उदाहरणात ८,५००. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा नेमके मसाला-वाळवणाचे दिवस होते. मिरची घेऊन ठेवली होती आणि आठवडी बाजार बंद. त्यावर कुठलाच तक्ता पुरा पडला नसता, पण एक महिना सावरायला मिळणं आणि न मिळणं यात फरक आहे.

आणि तक्त्यानं नाही म्हटलं तर? आकडा कुठूनच जमत नसेल, दुसऱ्या तक्त्यात गट वर येतच नसेल, तर धंदा सुरू करू नका. हे सांगणाऱ्या कार्यकर्तीला सगळे नाउमेद करणारी म्हणतात. मेळाव्याला शंभर गट दाखवायचे असतात, तिथं एक गट 'आम्ही आत्ता नको म्हणतोय' असं सांगायला उभा राहिलेला कोणाला आवडत नाही. पण कर्ज नाकारणं हाही बाईनं घेतलेला आर्थिक निर्णयच आहे, आणि तो तिनं कागद हातात धरून घेतला तर नवरा, सरपंच आणि साहेब या तिघांनाही तो कागद वाचावा लागतो. काही वेळा उत्तर पूर्ण नकाराचं नसतंही. आधी तीस किलोंनी, भाड्याच्या काट्यावर, रोखीनंच विकून सहा महिने बघायचं, असं निघतं.

लिहिता न येणाऱ्या मैत्रिणींनी मागे राहायचं कारण नाही. एका जिल्ह्यात मी बायकांना जमिनीवर बारा चौकोन आखून, आवकीला चिंचोके आणि जावकीला खडे ठेवून हे करताना पाहिलंय. कुठल्या चौकोनात खडे जास्त, ते लांबूनही दिसतं, आणि वाद घालायला सगळ्यांना जागा मिळते. वहीवर लिहिणारी एकटीच असली की बाकीच्या नुसत्या मान डोलावतात.

जेवणानंतर प्रत्येक गटानं आपापला बारा महिन्यांचा तक्ता मांडायचा आहे. फळ्यावरचा पुसू नका. मजुरीची ओळ आधी, घराचा रकाना शेवटी, पहिले तीन महिने आठवड्यावार. चारपर्यंत सगळ्यात खोल आकडा कुठला येतो तेवढा प्रत्येक गटानं मला सांगा. आणि शेळ्यांवाल्या मैत्रिणींनो, तुमचं उत्पन्न वर्षभरानंतर सुरू होणार आहे, त्यामुळे तुम्ही बारा नाही, अठरा महिने मांडा.